बिटरचं कौतुक

परवा सकाळी उठल्या उठल्या एसी बंद केला आणि बाल्कनीचं दार उघडलं. शारजात हे दार उघडणं म्हणजे एक सणच असतो. उन्हाळाभर बंद राहिलेलं दार, रुळात वाळू बसलेली, खांदा लावून ढकलावं लागतं. मग एकदाची हवा आत येते. थंड म्हणावी अशी नव्हे, नुसती अंगावर धावून न येणारी. एसीची घरघर थांबली की सगळे आवाज परत येतात. शेजारच्या मल्याळी बाईंचा मिक्सर, खाली पार्किंगमध्ये मागे येणाऱ्या गाडीची पीपी, वरच्या मजल्यावरच्या इजिप्शियन मुलांची घरातल्या घरात चाललेली सायकल. अल नहदातल्या आमच्या टॉवरमध्ये माणसं राहतात हे दर नोव्हेंबरात नव्याने कळतं.

या हवेने सगळे खूश असतात. लोक कोळसे आणि सळया घेऊन ममझारच्या बागेत जातात, ऑफिसात उगाचच एकमेकांना वेदर किती छान झालंय म्हणून सांगतात. मीही सांगते. पण गेल्या वर्षापासून ही हवा सुटली की माझ्या पोटात दुखायला लागतं. आडवळणाने कशाला सांगू, मी जळते. गेल्या वर्षीचा तो सगळा गारवा मी जळण्यात घालवला आणि यंदा दार उघडल्याबरोबर ते सगळं जसंच्या तसं आत आलं.

नवऱ्याच्या बाबतीत बायको जळते म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात. तसं काही नव्हतं. बाई असती तर मी तिला पाहून घेतलं असतं. इथे प्रकरण होतं एका बिअरचं आणि ग्रॅहम नावाच्या साठीतल्या एका इंग्रज इंजिनिअरचं.

मिलिंद, म्हणजे माझा नवरा, शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका फॅक्टरीत इलेक्ट्रिकल पॅनेल्सचं काम बघतो. गेल्या वर्षी ऑक्टोबरात तिथे ग्रॅहम आला, एका प्रोजेक्टचं टेस्टिंग करायला, थंडीपुरता. लाल मान, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. दोघांचं पहिल्या आठवड्यात जमलं. शारजात दारू मिळत नाही, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी ग्रॅहम मिलिंदला बर दुबईतल्या एका जुन्या हॉटेलच्या पबमध्ये घेऊन जायला लागला. त्या पबात हवा गार झाली की काही महिने इंग्लंडहून एक बिअर येते. तिला बिटर म्हणतात. नळाने नाही, हापशासारखा दांडा ओढून काढतात.

हे सगळं मला मिलिंदनेच सांगितलं. आणि इथेच माझं दुखणं सुरू झालं. कारण मिलिंद काही सांगणारा माणूस नाही.

त्याचं न सांगणं मी लग्न झाल्यापासून बघत आलेय. पुण्याला सासरी पहिल्याच आठवड्यात मी भाजी केली आणि सगळे जेवायला बसल्यावर हौसेने विचारलं, कशी झालीय? सासऱ्यांनी घास गिळला आणि शांतपणे म्हणाले, आपल्याकडे पानावर असं विचारत नाहीत. रागाने नाही, नियम सांगावा तसं. अन्नाला नावं ठेवायची नाहीत, आणि कौतुकही करायचं नाही. कौतुक केलं म्हणजे कालची भाजी वाईट होती असा अर्थ निघतो. मुकाट्याने जेवायचं, पान स्वच्छ करायचं, तेवढ्याने बनवणाऱ्याला काय ते कळायला हवं. सासूबाईंना कळत असावं. मी अलिबागकडची. आमच्याकडे जेवताना जेवणाविषयीच बोलतात, आणि नुसतं त्या दिवशीच्या नाही, उद्याच्या आणि गेल्या वर्षीच्याही. बाबा कालवणाचा पहिला भुरका मारून डोळे मिटायचे आणि आईच्या नावाने हाक मारायचे, ती समोरच बसलेली असताना.

तर अशा घरातून आलेला हा माझा नवरा. मी काहीही करावं, त्याने जेवावं, ताट विसळून सिंकमध्ये ठेवावं. फार झालं तर आणखी थोडं वाढून घ्यावं. मी त्या आणखी थोड्यावर वर्षानुवर्षं समाधान मानलं होतं.

आणि तोच माणूस गेल्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी गाडीत बसला आणि बोलायला लागला. मीच त्याला आणायला जायची. प्यायल्यावर गाडीला हात लावणं या देशात शक्य नाही, आणि तसंही मला बर दुबईला जायला निमित्त हवं असतं. देवळाच्या गल्लीतून शेवंती, कढीपत्ता, चांगला नारळ घ्यायचा, मीना बाजारात कापडाच्या दुकानांतून उगाच फिरायचं आणि त्याला उचलायचं. त्या दिवशी मांडीवर नारळाची पिशवी घेऊन तो सांगत होता की ती गार नसते, तळघराइतकीच थंड असते, कारण फार गार केलं की जिभेला काही कळत नाही. पहिल्या घोटाला भाजलेल्या पावाची कड लागते, मग संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी, मग ते सगळं निघून जातं आणि वाटतं संपलं, आणि तेव्हा मागून कडूपणा येतो. हळूहळू, घाई न करता. आणि राहतो.

मी सिग्नलला थांबले होते. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा कळलं की हिरवा होऊन गेलाय.

इतकी वाक्यं याच्याजवळ होती कुठे? राहतो म्हणे. माझ्या अळूच्या फदफद्यात काय राहत नव्हतं? मी भरल्या पापलेटाला हिरवं वाटण लावताना कोथिंबिरीची देठं घालते की नाही हे या माणसाला कधी जाणवलं होतं का? त्या बिअरमध्ये भाजलेल्या पावाची कड सापडते, आणि गरमागरम भाकरीची कड समोर असताना तोंडातून अवाक्षर निघत नाही. सवत परवडली असती. सवतीचं कौतुक नवरे निदान बायकोसमोर करत नाहीत.

मग ते दर शुक्रवारचं झालं. कधी पिंप नवं होतं आणि बिअर जरा तरुण लागली, कधी दोन दिवस मुरल्यावर गोल झाली. तरुण! गोल! शारजाच्या रस्त्यावर ट्रॅफिक तुंबलेलं असायचं, पुढे लाल दिव्यांची रांग, आणि माझा नवरा शेजारी बसून एका बिअरचं वर्णन करायचा. मी हं हं म्हणायची. घरी येऊन भांडी आपटायची. एकदा आमच्या ईशाने, ती तेव्हा दहावीत होती, कानातला इअरफोन काढून विचारलं की आज काय झालं. मी काही नाही म्हटलं, आणि तरी पुढे सगळं बोलून गेले. तिने ऐकून घेतलं.

"आई, यू आर जेलस ऑफ अ बिअर?"

मी म्हटलं, हो. ती पुन्हा कानात घालून आत गेली.

जळण्याची एक गंमत असते, जिच्यावर जळतो ती गोष्ट एकदा जवळून बघावीशी वाटते. डिसेंबरात ईशाची परीक्षा संपली आणि मी मिलिंदला म्हटलं, या शुक्रवारी मीही येते आत. त्याला आनंद झाला. तेही मला आवडलं नाही.

पब तळमजल्यावर होता आणि त्याला खिडकी नव्हती. बाहेर बर दुबईची ती लख्ख संध्याकाळ, खाडीवरून येणारा वारा, खाडीपलीकडे नेणारी अब्रा नावाची होडी धरायला निघालेली माणसं. आणि दार ढकललं की एकदम काळपट लाकूड, पितळी कठडे, भिंतीवर शिकारी कुत्र्यांच्या तसबिरी, आणि वर्षानुवर्षांची बिअर प्यायलेलं एक लाल जाजम. मला वाटलं होतं ग्रॅहम कोणी रुबाबदार निघेल. तो उठून उभा राहिला, माझी खुर्ची ओढली, मला भेटायला किती दिवस वाट पाहत होतो म्हणाला. मी मनात म्हटलं, असशील.

मग त्याने मला विचारलं की बिटर घेणार का, अर्धा ग्लास, चवीपुरता.

आणि मी म्हटलं, "नो नो, आय एम फाइन."

आता हे वाचणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला कळेल की मी काय म्हणाले. मी म्हणाले, हो. पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं नसतं. आपण नको म्हणायचं, समोरच्याने अहो थोडी तरी म्हणायचं, आपण बघा बाई खरंच नको म्हणायचं, आणि मग ताटात पडतं. मी तर ती चाखण्यासाठी आठवडाभर मनाची तयारी करून आले होते. ग्रॅहम म्हणाला, ऑफ कोर्स, आणि माझ्यासाठी लाइम सोडा सांगून मोकळा झाला. पुन्हा विचारलंच नाही. पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं की त्याच्या हिशेबी त्याने माझा मान राखला होता. बाईने नको म्हटलं, विषय संपला. त्या क्षणी मात्र मी मिलिंदकडे पाहिलं. याला तरी आपली रीत ठाऊक आहे. याने म्हणायला नको का, अगं घे थोडी? तो हापशाकडे बघत होता. बारमागचा माणूस दांडा सावकाश ओढत होता, ग्लासात तांब्याच्या रंगाचं काहीतरी चढत होतं आणि माझा नवरा ते लग्नात अक्षता टाकताना बघावं तसा लक्ष देऊन बघत होता.

मी बसले लाइम सोडा पीत. माझ्या आयुष्यात तेवढा आंबट लाइम सोडा मी प्यायलेली नाही. समोर ते दोघे. फारसं बोलतही नव्हते. एक घोट, मग बराच वेळ काही नाही, मग ग्रॅहम एखादा शब्द टाकायचा, मिलिंद मान हलवायचा, नाहीतर उलटं. मला असं वाटलं की मी कोणाच्या तरी घरी न सांगता आलेय. ग्लासवर दवही नव्हतं, फेस साईसारखा पातळ. हिच्यात असं आहे तरी काय? मी हात लावून पाहिला तर ग्लास खरंच गार नव्हता. निदान गार तरी करून द्यायची, म्हटलं.

तेवढ्यात मिलिंदला फॅक्टरीतून फोन आला. आत नीट ऐकू येईना म्हणून तो बाहेर गेला. मी आणि ग्रॅहम उरलो. मी वेदरविषयी काहीतरी बोलले. त्याने हो म्हटलं आणि मग म्हणाला, तर त्या बीन्सवाल्या तुम्ही.

मला काही कळेना.

त्याने सांगितलं ते इंग्रजीत, सावकाश. पहिल्यांदा मिलिंदला ही बिअर दिली तेव्हा तो घोट घेऊन कितीतरी वेळ गप्प बसला. ग्रॅहमला वाटलं, आवडली नाही, भारतीयांना बिअर गार हवी असते. तेवढ्यात मिलिंद म्हणाला की माझी बायको एक बीन्सचा पदार्थ करते, अगदी असाच. आणि मग तो बोलतच राहिला. बीन्स मोड आणून कशा करतात, एकेकीची साल हाताने कशी काढतात, नारळ, एक आंबट काळं फळ, गूळ, आणि सगळ्याच्या शेवटी येणारा कडूपणा. ग्रॅहम म्हणाला, इट्स ऑल ही टॉक्स अबाउट. मी तर ते कधी खाल्लेलं नाही, पण मला वाटतं आता मी ते ओळखेन.

कडव्या वालाचं बिरडं. माझ्या माहेरचं. दर वेळी अलिबागहून येताना मी बॅगेत वाल आणते, बाकी काही राहिलं तरी चालतं. गारव्यात मोड लवकर येत नाहीत, म्हणून पुरचुंडी वायफायच्या राउटरवर ठेवते, ईशा त्यावर ओरडते. मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे, बाल्कनीत बसून, मांडीवर ताट घेऊन. अख्खी सकाळ जाते. आणि मिलिंद ते जेवतो, ताट विसळतो आणि ठेवतो.

इतर कुणी म्हणेल, चला, किती छान, नवऱ्याने परक्यापुढे बायकोचं कौतुक केलं. मला तसं वाटलं नाही. मला भयंकर राग आला. आतापर्यंत मी एका बिअरवर जळत होते, आता या समोरच्या माणसावर जळायला लागले. इतक्या वर्षांचे माझे शब्द या लाल मानेच्या माणसाला मिळाले होते. फुकट. साल कशी काढतात ते त्याला माहीत होतं. घरी आल्यावर पबातल्या बिअरचं वर्णन आणि पबात गेल्यावर घरच्या बिरड्याचं, आणि ज्या दोन ठिकाणी ते सांगायचं त्या दोन्ही ठिकाणी चुकीचा माणूस.

मी मिलिंदचा ग्लास उचलला आणि प्यायले. चांगला मोठा घोट.

ग्रॅहमने दुसरीकडे पाहिलं, इंग्रज लोक बघतात तसं.

मला ती वाईट निघायला हवी होती. तशी मी खात्रीच करून आले होते. पण भाजल्या पावाची कड लागली. संत्र्याची साल लागली, नाकाच्या मागच्या बाजूला. मग खरंच सगळं निघून गेलं, तोंडात नुसतं पाणी प्यायल्यासारखं झालं, आणि मी मनात म्हटलं, बघ, काही नाही. आणि तेव्हा तो आला. घशाच्या वर, जिभेच्या मुळाशी, आमचा कडवा वाल. आईच्या स्वयंपाकघरातला, आमसुलाच्या पाठोपाठ येणारा. मिलिंदने त्यात एक शब्दही वाढवून सांगितला नव्हता.

तो परत आला तेव्हा मी ग्लास जागेवर ठेवला होता. निघताना मी त्याला सांगितलं की गाडी इथेच राहू दे, आपण टॅक्सी करू. का, तर मी प्यायलेय. त्याने माझ्याकडे, मग आपल्या ग्लासाकडे पाहिलं आणि हसला. टॅक्सीत त्याने विचारलं, कशी लागली. तेव्हा मी सांगू शकले असते. सगळे शब्द तोंडात होते. पण मी म्हटलं, आधी हा सांगेल, त्याच्या तोंडून येऊ दे. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मग मी जिद्दीला पेटले. जानेवारी, फेब्रुवारी, मी बिरडी करत सुटले. वाल संपत आले तेव्हा शेजारच्या, मूळ रत्नागिरीच्या मुमताजभाभींकडून आणले, त्यांच्याकडे गावाहून पार्सल आलं होतं. गुळाचा खडा बदलून पाहिला, आमसूल कमी केलं, कडूपणा मोकळा सोडला. वाढताना मी मिलिंदच्या तोंडाकडे बघत बसायची. तो खायचा. मधे थांबायचा. मला वाटायचं, आता बोलेल. तो पुढचा घास घ्यायचा. मुमताजभाभींना मी हे एकदा बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुझं बरं आहे, आमच्याकडे मीठ कमी झालं की भाषण होतं. मी हसले, पण त्यांचाही मला जरा हेवा वाटला. भाषण तर होत होतं.

मार्चमध्ये हवा तापायला लागली. पिंपं यायची थांबली, ग्रॅहमचं काम संपलं. जायच्या आधी मी त्याला जेवायला बोलावलं आणि अर्थातच बिरडं केलं. त्याने पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि आमच्या टेबलावर, माझ्या नवऱ्यासमोर, बोलायला लागला. नारळ, आंबट, मग गोड, मग शांत, मग ते. देअर इट इज, म्हणाला. सगळं बरोबर होतं. ईशा आ वासून ऐकत होती. मी थँक यू म्हटलं आणि वाढायला उठले. मला त्यातलं काही नको होतं. त्याच्याकडून तर मुळीच नको होतं. मी मिलिंदकडे पाहिलं. तो ताटात बघून जेवत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

ग्रॅहम गेला. मग तो लांबलचक उन्हाळा आला, दार बंद झालं, एसीच्या घरघरीत आम्ही दोघं आपापल्या कामाला लागलो. मला वाटलं, खलास, संपलं एकदाचं. पण जळणं एसीत टिकतं, असं दिसतंय. मिलिंद शुक्रवारी संध्याकाळी घरी असायचा, फोनवर ग्रॅहमला पॅनेल्सचे फोटो पाठवायचा, ग्रॅहम त्याला पावसात भिजलेल्या कुठल्यातरी गावच्या पबचा फोटो पाठवायचा. तो फोटो मिलिंद बोटांनी मोठा करून बघायचा. माझ्याबरोबर राहून याला कोणाची तरी आठवण येते, हे मी जेवण वाढता वाढता बघत होते.

आणि परवा दार उघडलं. त्याच दिवशी त्याच्या फोनवर पबचा मेसेज आला की बिटर आलीय. मी मेसेज पाहिला, कारण फोन ओट्यावर होता. शुक्रवार आला. तो काही बोलेना. मी विचारलं, जायचं नाही का? तो म्हणाला, एकट्याने काय जायचं.

एकट्याने. मी समोर उभी होते.

मी म्हटलं, "यल्ला, ऊठ. टॅक्सी बोलाव. मी पिणार आहे."

तोच दरवाजा, तीच कुत्री, तेच जाजम. मी मुद्दाम ग्रॅहमच्या खुर्चीत बसले. बारमागच्या माणसाने विचारायच्या आत मी दोन बिटर सांगितल्या. ग्लास आले. आम्ही एकेक घोट घेतला. घोटानंतर थांबायचं असतं हे मी गेल्या वर्षी शिकले होते, थांबले. तो कडूपणा आला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्याही जिभेवर तो आता आला असणार हे मला दिसलं. त्याने पुढचा घोट घेतला.

मग मीच म्हटलं, ग्रॅहमने मला सांगितलंय. बिरड्याचं. तू त्याला काय काय सांगायचास ते. मी वर्षभर वाट पाहिलीय मिलिंद, आता मला सांग.

तो चपापला. म्हणाला, त्यात काय सांगायचं, तुला माहीत आहे. मी म्हटलं, मला नाही माहीत. त्याने ग्लास गोल फिरवला. बोलायला गेला. "म्हणजे, बिरडं छान..." म्हणाला आणि अडकला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. लाज नव्हती ती, आडमुठेपणाही नव्हता. त्याला ते येतच नव्हतं. ज्या भाषेत त्याला लहानपणी पानावर गप्प बसवलं होतं, त्या भाषेत तो अजून पानावरच बसलेला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याची कीव आली आणि त्याबरोबर माझीही.

मी म्हटलं, "मी ग्रॅहम आहे असं समज. इंग्रजीत सांग."

तो हसला. मी हसले नाही. मी खुर्चीत मागे टेकले, ग्रॅहम टेकायचा तशी, आणि थांबले.

त्याने एक घोट घेतला. मग माझ्याकडे न बघता, ग्लासाकडे बघत, त्याने सुरुवात केली. "यू नो, माय वाइफ," तो म्हणाला.

माझी बायको बाल्कनीत बसते, म्हणाला. मांडीवर ताट घेऊन. वाल सोलताना ती गुणगुणते, पण तिला ते माहीत नाही, आणि मी सांगत नाही, कारण सांगितलं तर थांबेल. एखादा दाणा ती कच्चाच तोंडात टाकते आणि एक डोळा बारीक करते. त्यावरून मला कळतं की यंदाचे वाल कितपत कडू आहेत. सोलून सोलून तिच्या अंगठ्याचं नख मऊ पडतं आणि दोन दिवस तिला चावी नीट धरता येत नाही. ती वाढते तेव्हा माझ्या तोंडाकडे बघते. मी घास घेतो आणि थांबतो, शेवटचं ते येईपर्यंत. ते हळू येतं. त्यावेळी बोललं तर ते निघून जाईल असं वाटतं. म्हणून मी काही बोलत नाही. मग ते येतं. आणि मला दर वेळी वाटतं की इतकं माझ्यासाठी कोणी का करावं.

तो सांगत होता, मधे मधे माय वाइफ म्हणत होता, आणि मी मान हलवत होते. एकदाही तो तू म्हणाला नाही. मीही त्याला थांबवलं नाही, थांबवलं असतं तर तो मराठीत आला असता आणि गप्प झाला असता. त्याच्या डोळ्यांपुढे ती बाल्कनीत बसलेली बाई स्वच्छ दिसत होती. मी समोर बसून ऐकत होते, ती कशी बसते, कशी गुणगुणते, तिच्यासाठी हा माणूस घास तोंडात धरून कसा थांबतो. आजवर मी पुष्कळांवर जळले. पण त्या बाईचा मला जितका हेवा वाटला, तितका आयुष्यात कुणाचाच वाटला नाही.